तंबोरा, म्बिरा आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच खोलीत: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

तंबोरा, हार्मोनियम, नायलॉनच्या तारांची गिटार, म्बिरा हे लोखंडी पट्ट्यांचं आफ्रिकी वाद्य आणि पट्ट्यावर चालणारा रेकॉर्ड प्लेअर. या पाच गोष्टी एकाच खोलीत, हात पुरेल एवढ्या अंतरावर ठेवून मी आता बरेच महिने काढले आहेत. एकेका वस्तूबद्दलचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. पण या गोष्टी एकत्र नांदायला लागल्या की एकमेकींचं काय करतात, याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. माझ्या बाबतीत झालं ते असं, की पुढची रेकॉर्ड कोणती घ्यायची हे घरातलं वाद्य ठरवायला लागलं आणि घेतलेल्या रेकॉर्डीने मला पुन्हा वाद्यापाशी आणून बसवलं.

सुरुवात तंबोऱ्यापासून करते, कारण सर्वांत मोठा बदल त्याने घडवला. काळी चारला लावलेला, तीन पोलादी तारा आणि खर्जाची एक पितळी. नवीन माणसाला वाटतं की खुंटी पिळली, तार सुरात आली, झालं काम. खरं काम त्यानंतर सुरू होतं. घोडीच्या पसरट पाठीवर तार जिथे टेकते तिथे सुताचा एक बारीक दोरा तारेखाली सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज बोथट होतो, केसभर मागे राहिला तर तार नुसती करकरते. मधे एक अशी जागा असते की तिथे दोरा पोचला की तार एकदम उघडते. एका आघातातून सुरांची रांग निघते आणि ती बराच वेळ फिरत राहते. तार घोडीच्या वक्र पाठीला कंप पावताना पुन्हा पुन्हा शिवते आणि त्यामुळे वरचे स्वयंभू स्वर जागे होतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये नेमक्या याच घोडीवर लिहिलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा वरचा स्वर शास्त्राप्रमाणे उमटायलाच नको, तिथेही तंबोऱ्यात तो उमटतो, हे त्यांनी दाखवलं. मी हे वाचलं ते तंबोरा घरी आल्यावर, आणि मग तासभर तार वेगवेगळ्या जागी छेडून बघत बसले.

जवारी, म्हणजे दोऱ्याने साधलेली तारेची ही झणझण, नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कोणी वाजवलेला नसतो, तरी असतो. तो एकदा कानात बसला की हार्मोनियमची आणि माझी पंचाईत सुरू होते. हार्मोनियमच्या पट्ट्या समान अंतरांच्या सप्तकात बसवलेल्या असतात. तिथला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तंबोऱ्यातून उमटणारा साधारण ३८६ वर. फरक १४ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. कागदावर किरकोळ वाटतो. पण तंबोरा चालू ठेवून हार्मोनियमचा गंधार दाबून धरा, दोघांच्या मधली हवा थरथरायला लागते. अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच वेगळं संगीत होतं. आपल्याकडे १९४० पासून तीन दशकं रेडिओवर या पेटीला मज्जाव होता, त्यामागे स्वरांचा हाही मुद्दा होता. माझी हार्मोनियम मला प्रिय आहे, ती मी विकणार नाही. चाल बसवायला, सरगम पक्की करायला तिच्यासारखा सोबती नाही. मात्र तंबोरा आल्यानंतर मी ज्या ख्यालाच्या रेकॉर्डी घेतल्या, त्यातल्या बहुतेक सारंगीच्या साथीच्या निघाल्या. ठरवून केलं नव्हतं. कान तिकडे जात होता.

आता रेकॉर्ड प्लेअर. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, १९४८ मध्ये आली, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपायला लागायचं. १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांनी गायलं ते त्याच चौकटीत, आणि शेवटी आपलं नाव सांगण्याइतकी जागाही त्यांनी राखली. १९५५ मध्ये सरोदवादक अली अकबर खाँ यांची एलपी पश्चिमेत निघाली, दोन बाजूंना दोन राग. तीन मिनिटांत रागाचा चेहरा दिसतो, वीस मिनिटांत तो बोलायला लागतो. तरीही जुन्या तबकड्यांबद्दल माझा आदर वाढला आहे. विस्ताराला जागाच नसताना राग उभा करायला जी तयारी लागते, ती आता मला ऐकू येते.

एलपीच्या एका अडचणीबद्दल ख्याल ऐकणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्यावं. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खोबण जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम वीस सेंटिमीटर. म्हणजे शेवटाकडे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो आणि तिथे तो फाटायची शक्यता सर्वांत जास्त. ख्यालात तर द्रुत आणि तयारीच्या ताना शेवटीच येतात. माझ्या प्लेअरबरोबर आलेली सुई गोल टोकाची होती. विलंबित सुंदर ऐकू यायचं आणि शेवटच्या ताना घशाला खाज सुटल्यासारख्या. लंबगोल टोकाची सुई बसवली, कार्ट्रिजचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, कोन आणि सुईचा भार काट्यावर नीट लावला, भार दोन ग्रॅमच्या आसपास, आणि तानांमधला एकेक दाणा वेगळा झाला. प्लेअरवर आणखी पैसे घालायची इच्छा असेल तर आधी सुईवर घाला. दुसरं, फोनो प्रीॲम्प विसरू नका. तबकडी कापताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात. ते पूर्ववत करणारा टप्पा नसेल तर आवाज पातळ आणि टोचरा येतो, आणि लोक विनाकारण रेकॉर्डीला नावं ठेवतात.

तंबोरा शेजारी असल्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. रेकॉर्ड लावायची, गायकाच्या षड्जाला तंबोरा मिळवायचा आणि दोन्ही एकत्र ऐकायचं. प्लेअर एक टक्का जरी जलद फिरत असला तरी सूर १७ सेंट चढतो, आणि रेकॉर्डीबरोबर नवा कोरा षड्ज मिळवताना ते कळत नाही; पण ज्या गायकाचा सूर माहीत आहे त्याच्या दोन-तीन रेकॉर्डी सलग चढ्या आल्या की शंका येते. गती मोजणारी रेघांची चकती ठेवून बघितली, गती खरंच जास्त होती, मागच्या स्क्रूने उतरवली. आणि एका विक्रेत्याकडून आलेल्या एलपीत लांबवलेला षड्ज हेलकावे खात होता. दर १.८ सेकंदांनी वर, मग खाली. एका फेऱ्याला लागणारा वेळ तेवढाच. मधलं भोक नीट मध्यावर नव्हतं. गायकाचा सूर दगडासारखा स्थिर होता, तबकडीच डुलत होती. तंबोऱ्याशिवाय मला ते गायकाचं आंदोलनच वाटलं असतं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, म्हणून ती रेकॉर्ड कपाटात आहे आणि मी ती लावत नाही.

गिटारवर फार लिहीत नाही. चांगली आहे, हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवली तर तक्रार करत नाही. त्यापेक्षा कोरडं झालं तर लाकूड आक्रसतं, दमट झालं तर वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात. खोलीत एक आर्द्रतामापक ठेवाच, तंबोऱ्याच्या भोपळ्यालाही त्याचा उपयोग आहे.

म्बिराबद्दल मात्र सविस्तर. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं हे वाद्य. लाकडी फळीवर बसवलेल्या वीस-बावीस किंवा जास्त लोखंडी पट्ट्या, दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी एवढ्यावर वाजवायच्या. फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं सैल लावलेली असतात आणि प्रत्येक स्वराबरोबर ती झणझणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी ढिलं झालंय. आवाज वाढवायला फळी एका मोठ्या पोकळ भोपळ्यात धरतात. म्हणजे तिथेही भोपळा, तिथेही मुद्दाम आणलेली झणझण. तंबोऱ्याची जवारी लावून झाल्यावर मी म्बिरा हातात घेतला तेव्हा मला हे लख्ख जाणवलं. जगाच्या दोन दूरच्या टोकांना लोकांनी स्वच्छ, एकेरी आवाज नाकारला आणि त्यात जाणूनबुजून झणझण मिसळली, कारण त्यांना स्वराच्या आतली गर्दी हवी होती. त्यानंतर संगीत-अभ्यासक पॉल बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात केलेली शोना वादकांची ध्वनिमुद्रणं मी घेतली. त्यात दोन वादक एकमेकांत गुंतलेले दोन भाग वाजवतात, कुशौरा आणि कुत्सिन्हिरा, आणि तिसरीच एक चाल कोणीही न वाजवता ऐकू येते. तंबोऱ्यातल्या न वाजवलेल्या गंधाराची सवय असल्यामुळे ती मला लगेच सापडली. हातात वाद्य नसतं तर ही रेकॉर्ड मी कधी घेतलीच नसती, आणि घेतली असती तरी पार्श्वसंगीतासारखी वाजत राहिली असती.

रेकॉर्डीच्या कडकडाटाचं कौतुक करणारे मला पटत नाहीत. जवारी हा वाद्याचा आवाज आहे, धूळ हा धुळीचा. वाजवण्याआधी ब्रश फिरवा, तबकड्या उभ्याच ठेवा, एकमेकींवर रचू नका, आतलं कागदी पाकीट बदलून गुळगुळीत घ्या. एवढं केलं की बरीचशी शांतता परत मिळते.

सगळं रेकॉर्डीवरच घ्यायला पाहिजे असंही नाही. शोधायला मी स्ट्रीमिंग वापरते आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे ख्यालाच्या मुद्रणाखाली तबल्याला कोण, सारंगीला कोण, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. एलपीच्या मागच्या बाजूला ते असतं. एका साथीदाराचं नाव तिथे वाचलं की पुढची रेकॉर्ड त्या नावामागे जाते. काही गोष्टी मी फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या, फाइलच्या रूपात विकत घेतल्या आहेत, त्यांचा आवाज उत्तम आहे, आणि परवाना संपला म्हणून त्या एका सकाळी गायब होत नाहीत. मला महत्त्व आहे ते विकत घेण्याला. निवड करावी लागते, मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली जाते, आणि चौथ्या-पाचव्या वेळी ती उलगडते. ऐकण्याची संख्या माझी नक्कीच घटली आहे.

वाद्यांच्या मांडणीबद्दल. नाट्यशास्त्रातले चार गट, तत (तारांची), सुषिर (हवेची), अवनद्ध (चामडं मढवलेली) आणि घन (स्वतःच घुमणारी), मी कपाटाला लावले आहेत. व्हिक्टर-शार्ल माहियों यांनी ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाची सूची करताना अशाच चार गटांचा पाया घेतला. तिथला भारतीय वाद्यांचा मोठा संच राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये भेट दिलेला. १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी ती विभागणी पुढे नेली. माझ्याकडे अवनद्ध गट रिकामा आहे. पण जागा रिकामी आहे म्हणून तबला आणायचा, हे मला मान्य नाही. संग्रहालयाला सगळे गट भरावे लागतात, घराला नाही. ज्या वाद्याला आठवड्यातून दोनदा तरी हात लागणार नाही, त्याच्या तारा गंजतात, भाता गळायला लागतो, गवसणीत कोळी घर करतात. वाद्य फक्त बघायला आवडत असेल तर ते वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ द्यावं.

ज्याला रोज पंधरा मिनिटं सूर लावण्यात घालवायला कंटाळा येतो त्याने तंबोरा घेऊ नये, इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्याची गरज भागवेल. ज्याला एका बाजूनंतर उठून तबकडी उलटायला जड जातं त्याने फाइल घ्यावी. या दोन्ही गोष्टींत आनंद वाटत असेल तर मात्र एकच वाद्य आणि दहा-बारा रेकॉर्डी यांच्यावर पुष्कळ काळ जातो. आधी वाद्य घ्या, मग त्याच्या स्वभावाच्या रेकॉर्डी, या क्रमाने जा असं मी ठामपणे सांगेन.

माझ्या यादीत सध्या सारंगी आहे. तीन आतड्याच्या तारा, खाली आपोआप घुमणाऱ्या पस्तीसच्या आसपास तरफेच्या तारा, आणि बोटाच्या पेराने नव्हे तर नखाच्या मुळाने तार अडवायची. तरफा रोज मिळवण्याइतका वेळ माझ्याकडे आहे का, हे मला आधी बघायचंय. तोवर सारंगीच्या एकल वादनाच्या दोन एलपी मागवल्या आहेत.