"रात्रीपर्यंत परत पाठवतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे देण्याआधी वाचा

जरा लांबलचक होईल, पण शेवटपर्यंत वाचा. फसवणुकीचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो, दुसरा फार कमी जणांना माहीत असतो आणि खरा डल्ला तिथेच मारतात.

स्टेशनबाहेर एकजण भेटला. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, पैसे मागणाऱ्यातला अजिबात वाटणार नाही असा. आधी नुसतं विचारलं तिकीट खिडकी कुठे आहे, मी सांगितलं. दोन पावलं गेला, परत आला. "ताई, सॉरी हं, एक कॉल करू द्याल का, माझा फोन आणि पाकीट दोन्ही मारलं हो गर्दीत." मी फोन स्वतःच्या हातात धरून स्पीकरवर लावून दिला, म्हटलं घेऊन पळायला नको. त्याने नंबर सांगितला, पलीकडून "भाऊ" बोलला, आई ॲडमिट आहे, तू निघ लवकर वगैरे. मग भाऊ मलाच म्हणाला, "मॅडम, याला फक्त गाडीभाड्यापुरते द्या, मी रात्रीपर्यंत तुमच्या याच नंबरवर टाकतो."

आता बघा इथे काय झालं. फोन पळवायचा नव्हताच त्यांना. माझा नंबर आपोआप त्या "भावा"कडे पोचला, तोही मीच लावलेल्या कॉलमधून! आणि मी दोन छोट्या मदती आधीच करून बसले होते, त्यामुळे तिसऱ्याला नाही म्हणणं जड जातं. यावर जुना प्रयोग आहे, १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी अमेरिकेत केलेला. लोकांना विचारलं की तुमच्या अंगणात सुरक्षित गाडी चालवा असा मोठा, दिसायला बेक्कार बोर्ड लावू का. ज्यांना थेट विचारलं त्यातले साधारण १७ टक्के हो म्हणाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता त्यातले ७६ टक्के. माणसं तशीच, मागणीही तीच, फरक फक्त आधीच्या छोट्या "हो"चा. म्हणून हे लोक तोंड उघडल्याउघडल्या पैसे मागत नाहीत. आधी रस्ता विचारतील, वेळ विचारतील, फोन मागतील.

मी अगदीच भोळी नाही हो, म्हटलं चला खिडकीवर, तिकीट मी काढून देते. तर म्हणे गाडी आत्ताच सुटली, पुढची पहाटे, शेअरिंगची गाडी लागलीय पण ड्रायव्हर रोखच घेतो. बरं मग ड्रायव्हरला मीच देते, चला. तर तो पुढच्या चौकातून भरून निघतो. स्टेशनवरच्या पोलिसांकडे जाऊया का, पाकिटाची तक्रार पण होईल? तर ती आधीच दिलीय, त्यांनीच सांगितलं कुणाकडून तरी घ्या म्हणून. प्रत्येक गोष्टीला उत्तर, आणि एकदाही अडखळला नाही. ज्याची आई ॲडमिट आहे आणि फोन-पाकीट गेलंय तो माणूस गोंधळलेला असतो, एखाद्या प्रश्नाला "अं... बघतो" म्हणतो. याला जणू पेपर फुटला होता. हे मला कळत होतं तरी मी पर्समधून काढून दिले, कारण "खरंच असलं तर?" हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

दिले याचं मला काही वाटत नाही. राग रकमेचा येतो. त्याने सरळ मदत मागितली असती तर मी दहा मिनिटांत विसरेन इतकेच दिले असते. पण "परत करतो" म्हटलं की आपल्या डोक्यात ते उधार होतं, आणि उधार आपण दानापेक्षा कितीतरी जास्त देतो. ही युक्ती पण काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांना पत्रं यायची की स्पेनमध्ये एक श्रीमंत माणूस तुरुंगात अडकलाय, सुटकेला पैसे पाठवा, बाहेर आला की तुम्हाला कितीतरी पटीने मिळतील. अडचण, घाई आणि परताव्याचं आमिष, तेच तीन मसाले.

आता दुसरा भाग. रात्री मेसेज आला, खात्यात पैसे जमा झाल्याचा, बँकेचा असतो तसाच. रक्कम मी दिली त्याच्या दहापट. लगेच "भावा"चा फोन, आवाज रडवेला, "ताई देवासारख्या भेटलात, पण घाईत एक शून्य जास्त पडलं हो, इथे डिपॉझिट भरायचंय, तुमचे ठेवून बाकीचे आत्ता पाठवा ना." मागे दवाखान्यासारखे आवाज पण होते! मी पाठवणारच होते, ॲप उघडलं, आणि बॅलन्स जिथल्या तिथे. मेसेज नीट पाहिला तर साध्या मोबाईल नंबरवरून आलेला, म्हणजे त्यानेच टाईप करून पाठवलेला. म्हटलं माझ्या खात्यात दिसत नाहीत. तर स्क्रीनशॉट पाठवला, मग म्हणे सर्व्हर स्लो आहे, मग एक क्यूआर कोड, "हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे अडकलेले जमा होतील." तिथे मी फोन ठेवला. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की जातात. घरातल्या मोठ्यांना एवढं एक वाक्य पाठ करून घ्या. आणि पैसे आले का हे फक्त स्वतःच्या खात्यात बघायचं, मेसेज आणि स्क्रीनशॉट कुणीही बनवतो.

मग आता कुणालाच देत नाही का? देते. फक्त ती गोष्ट खरी की खोटी याचा निकाल लावत बसत नाही, रस्त्यावर उभं राहून दोन मिनिटांत तो लागतच नाही. तिकीट, औषध, खाणं, जे हवंय ते घेऊन देऊ का विचारते. मध्यंतरी एक बाई औषधाची चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या, म्हटलं चला दुकानात, तर लगेच निघाल्या, दुकानदाराने औषध दिलं, त्या गेल्या. नंबर मागितला नाही, परत करते म्हणाल्या नाहीत. रोखच द्यायची वेळ आली तर गेले असं धरून थोडेसे देते, नंबर देत नाही, घेत नाही. कॉल करायचा असेल तर स्टेशनच्या चौकशी खिडकीकडे नेते, तिथे बरेचसे वाटेतच गायब होतात.

मेसेज, नंबर, क्यूआर सगळं बँकेला आणि पोलिसांना दिलंय, डिलीट करू नका, तेच पुरावे असतात. अजून एक, अशी फसवणूक चारचौघांत सांगितली की "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" म्हणणारे येतात, वकील म्हणून, सायबर अधिकारी म्हणून. तेही त्याच धंद्यातले. त्यामुळे असा मेसेज टाकायचा कुणी विचार करत असेल तर टाकू नका, तोही सरळ तक्रारीला जोडेन.