नौपाड्यातला जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेच्या क्लासचा वीकेंड बॅच: सर भारी, बाकी सगळं जेमतेम

ठाणे स्टेशनपासून चालत जाता येतं हा पहिला प्लस पॉइंट, रिक्षाच्या लायनीत उभं राहायला नको. पण जिना अरुंद, एसी नावाला, आणि छापील नोट्सचे वेगळे पैसे घेतात ते अजिबात पटलं नाही.

तरी चार स्टार देतेय ते फक्त घटनेच्या सरांसाठी. हायकोर्टाच्या जजने चौकशी चालू असताना राजीनामा दिला तर पुढे काय, हा टॉपिक त्यांनी असला रंगवला ना! म्हणजे बघा, घटनेच्या कलम २१७ प्रमाणे जजने राष्ट्रपतींना सहीचं पत्र दिलं की झालं, कोणाच्या मंजुरीची वाट बघायची गरजच नाही, आणि १९६८ च्या जजांच्या चौकशी कायद्याची सगळी प्रोसेस पदावरून काढण्यासाठीच असल्यामुळे माणूस पदावरच नाही म्हटल्यावर काढणार कोणाला? उदाहरण कलकत्ता हायकोर्टाचे जज सौमित्र सेन, २०११. राज्यसभेत ऑगस्टमध्ये त्यांना काढायचा ठराव पास, लोकसभेत मतदान व्हायच्या आधीच १ सप्टेंबरला राजीनामा, विषय बंद. त्याच वर्षी सिक्कीम हायकोर्टाचे चीफ जस्टिस दिनकरन यांचंही तेच, चौकशी समितीच गुंडाळली. फौजदारी केस मात्र राजीनाम्याने मरत नाही, हे सरांनी दोनदा बजावलं.

मला तर ही सरळ पळवाट वाटते, खालच्या कोर्टातल्या जजला खातेनिहाय चौकशी चालू असताना इतकं सहज सुटता येत नाही. सर यावर नुसते हसले.

फी जास्तच आहे. डेमो लेक्चर बसून बघा, पण घटनेचाच मागा.