साऊंड उत्तम, वागणूक नापास: कोल्हापुरातल्या एका डीजे सेवेचा अनुभव

आमच्या ह्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम गेल्या महिन्यात कसबा बावड्याकडच्या एका लॉनवर केला. साऊंड, लाइट आणि गाणी लावणारा ऑपरेटर असं सगळं मिळून १८ हजारांत ठरवलं होतं. डीजेवाल्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याचा धंदा बसावा अशी माझी इच्छा नाही. त्याची एक पद्धत मात्र बदलायला हवी, आणि ती त्या एकट्याची आहे असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

आधी कामाचं. संध्याकाळी पाचला टेम्पो आला, साडेसहापर्यंत सगळं जोडून तपासून झालं. दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, दोन कॉर्डलेस माइक. मोकळ्या जागेत भाषणं ऐकू येत नाहीत हा आमचा नेहमीचा अनुभव, पण इथं शेवटच्या रांगेतल्या माझ्या सासूबाईंनाही शब्द न् शब्द कळला. माइकनं एकदाही शिट्टी मारली नाही. जेवणाच्या वेळी, तांबडा-पांढऱ्याची पंगत बसली तेव्हा, ऑपरेटरनं न सांगता आवाज खाली आणला. दहाला बंद करणार हे त्यानं आधीच बजावलं होतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे आणि निवासी भागात दिवसासुद्धा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती आपल्या गावात कितपत पाळतात ते सगळे जाणतात. ह्या पोरानं दहा म्हणजे दहा पाळलं. ह्या बाबतीत मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन.

फर्माइशीही तो मनापासून घेत होता. गोकाकहून आलेल्या माझ्या मावसजावेला कन्नड गाणं हवं होतं. त्याच्याकडं नव्हतं, तर त्यानं मोबाइलवर शोधून दोन मिनिटांत लावलं आणि त्या बाई अक्षरशः लाजल्या. जुनी हिंदी झाली, लावणी झाली, तालमीतल्या पोरांसाठी शिवगीत झालं. माझ्या पुतण्यानं दुहेरी अर्थाचं एक गाणं मागितलं तेव्हा "ल्हान पोरं हैत हितं, नको" असं म्हणून त्यानं सरळ नकार दिला. मला तो नकार आवडला. एकानं एकच गाणं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, त्यालाही नाही म्हणाला. नाही म्हणता येणं हा ह्या कामाचा भाग आहे. चाळीस जणांच्या चाळीस फर्माइशी लावत बसला तर कार्यक्रमाचा ताल राहत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्याबरोबर बाकाला बाक लावून नोकरी केलेले एक मित्र आहेत, मी त्यांना भाऊजीच म्हणते. बौद्ध समाजातले. रात्रपाळीला गाड्या कमी आल्या की भाऊजी भीमगीत म्हणायचे आणि आमचे हे पान्यांच्या पेटीवर ठेका धरायचे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. त्या दोघांच्या नोकरीचं गाणं कुठलं असेल तर तेच. भाऊजींची लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांना आणि काकांना एकदम नाचायला उठवायचं म्हणून ती ते गाणं मागायला गेली.

ऑपरेटर म्हणाला, "ते न्हाई माझ्याकडं."

ती म्हणाली, "माझ्या मोबाइलवर आहे, देते."

"नेट चालंना."

कन्नड गाणं नेटवरूनच आलं होतं, ह्याला पाऊण तास झाला नव्हता. पोरगी तिथंच उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "तसली गाणी जयंतीला. हितं वातावरण बिघडतंय."

मला हे कळलं ते ती आईजवळ येऊन पर्स उचलायला लागली म्हणून. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "राहू दे काकू. कार्यक्रम छान चाललाय." बावीस वर्षांच्या पोरीला हे "राहू दे" किती सफाईनं म्हणता येत होतं, त्याचा मला जास्त त्रास झाला. पहिल्यांदा म्हणणाऱ्या माणसाला ते तसं जमत नाही.

मी ऑपरेटरकडं गेले. "कुणाचं वातावरण बिघडतंय?"

"तसं नव्हं काकू. तुमचेच पाव्हणे नाराज हुतील."

"मागितलंय ते माझ्या पाव्हणीनंच."

मग त्यानं लावलं. पण आधीच्या गाण्यापेक्षा आवाज बारीक, फिरते लाइट बंद, आणि दुसरं कडवं संपायच्या आत त्याच्यावर हिंदी गाणं चढवलं. तेवढ्यात वर्कशॉपची सगळी मंडळी उठली होती. आमचे हे, जे मुलीच्या लग्नात नाचले नाहीत, ते भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून नाचत होते. गाणं तुटलं तसे दोघे थांबले आणि जागेवर जाऊन बसले. आमच्या भावकीतल्या एकदोघांचे चेहरे ते गाणं चालू असताना उतरले होते, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. म्हणजे ऑपरेटरचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता.

घरी आल्यावर धाकट्या दिरांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, "वहिनी, एक गाणं लावलं नाही त्यात जात कुठनं आली? त्याचं मशीन, त्याची मर्जी. उद्या मी भजन मागितलं आणि नाही म्हणाला तर तुम्ही माझ्यासाठी भांडणार काय?" प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. गाणं नाकारलं म्हणजे माणूस नाकारला असं दर वेळी होत नाही. माझ्या पुतण्याला नाकारलं तेव्हा त्याचा कुणी अपमान केला नव्हता.

माझी भाची पुण्यात वकिलीचं शिकते, तिला फोन लावला. तिनं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं सहावं कलम वाचून दाखवलं. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर सेवा देता, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर एखाद्याला अस्पृश्यतेच्या कारणावरून ती नाकारली तर तो गुन्हा. ती असंही म्हणाली की मावशी, ह्यात केस उभी राहील असं समजू नकोस, कारण गाणं शेवटी लागलं आणि सिद्ध करायला बरंच काही लागतं. केस मला करायचीच नव्हती. बाहेरच्या देशांत पार्टीत काळ्या पाहुण्याचं गाणं नाकारलं तर तो वंशभेद का, असे वाद होतात, मग आपल्याकडं त्याला काय धरायचं, असं मी तिला विचारलं. तर तिनं सांगितलं की वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत कूळ, जन्म हाही आधार आहे, आणि त्या कराराच्या समितीनं २००२ च्या शिफारशीत जातीला त्यात धरलंय. आपलं सरकार मात्र ते मान्य करत नाही. ते मोठ्या लोकांनी बघावं. मला त्या कलमातले साधे शब्द पुरले. त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर.

त्या मापानं मी ती संध्याकाळ पुन्हा बघितली. पुतण्याला नकार दिला तेव्हा कारण खरं होतं आणि ते तोंडावर सांगितलं. पोरं होती, गाणं घाण होतं. दुसऱ्या कुणी तसलं गाणं मागितलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. भाऊजींच्या लेकीला आधी खोटं सांगितलं, मग दुसरं खोटं सांगितलं आणि ती हलली नाही तेव्हा खरं बाहेर आलं. जे गाणं इतरांसाठी नेटवरून उतरवता येतं ते हिच्यासाठी येत नाही. शिवगीतानं वातावरण चढतं, भीमगीतानं बिघडतं. दोन्ही गाण्यांत एका मोठ्या माणसाचा अभिमान आहे, शिवी कुणालाच नाही. मग फरक कशाचा उरतो? ते गाणं कुणाचं समजलं जातं, ह्याचाच. म्हणून दिरांना मी सांगितलं, हो, हा जातिभेद आहे. त्या पोराच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल, मालकानं सांगितलं ते त्यानं केलं असेल. पण पोरगी पर्स घेऊन निघाली होती, ते मी डोळ्यांनी बघितलं.

आणि ते उतरलेले चेहरे. तिथं कुणीतरी नाराज होणारच होतं. गाणं लागलं तर भावकीतले दोघे, नाही लागलं तर भाऊजींचं घर. ऑपरेटरनं मला न विचारता ठरवून टाकलं की पहिल्यांची नाराजी मोजायची आणि दुसऱ्यांची नाही. शिवाय यजमान म्हणून मीही तसंच मोजत असणार, हेही त्यानंच धरून टाकलं. माझ्या घरच्या कार्यक्रमात, माझ्या नावावर, माझ्या पैशानं. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे.

बाकीचे पैसे द्यायला गेले तेव्हा मालकाशी बोलले. माणूस आवाज चढवणारा नाही, चहा मागवला, ऐकून घेतलं. म्हणाला, मागं एका हळदीत ह्याच गाण्यावरून खुर्च्या फेकाफेकी झाली, माझा एक टॉप फुटला, तेव्हापासून पोरांना सांगून ठेवलंय की मिक्स पब्लिकमध्ये ते लावायचं नाही. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुण पोराचा जीव गेला, ती बातमी महाराष्ट्रानं वाचलेली आहे. पण मी विचारलं, हळदीत पेठेच्या, ग्रुपच्या गाण्यांवरून किती मारामाऱ्या होतात? ती गाणी बंद केलीत? तो गप्प बसला. मग मी विचारलं, एप्रिलमध्ये तुमच्याकडं तारीख मिळते का? तर म्हणाला, "छे, चौदा एप्रिलच्या आगंमागं आठ दिवस सगळं बुक असतंय, काकू." म्हणजे त्या गाण्यांवर धंदा चालतो. त्यांच्या वस्तीत, त्यांच्या मिरवणुकीत, त्यांच्या पैशानं ती वाजलेली चालतात. माझ्या लॉनवर, सगळ्यांच्यात बसून वाजलेली चालत नाहीत.

हे कोल्हापुरात व्हावं ह्याचं मला फार वाईट वाटतं. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांनी चहाचं दुकान टाकलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे, हे आम्ही मुलांना वर्गात शिकवतो. महाराजांनी चहा आपल्या वाड्यावर मागवला नाही. ते भर रस्त्यावरच्या दुकानात गेले, चारचौघांत. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीत, ९ डिसेंबर १९५० ला, महात्मा फुल्यांच्या पुतळ्याबरोबर उभा राहिला, तोही गावाच्या मध्यावर. ज्यांना शाहूंची जयंती लाइट लावून करायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

मालकानं हजार रुपये कमी घेतो म्हणून सांगितलं. मी पूर्ण १८ दिले. म्हटलं, पैसे साऊंडचे आहेत, साऊंड उत्तम होता. त्याऐवजी फर्माइशीचा एकच नियम कागदावर लिहून ऑपरेटरच्या टेबलावर ठेवा: शिवीगाळ, अश्लील आणि कुणाच्या धर्माची, जातीची टर उडवणारं गाणं लागणार नाही, बाकी काही शंका असेल तर यजमानांना विचारायचं. बघतो म्हणाला. अजून काही कळवलेलं नाही.

भाऊजींच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. भाऊजींनी विषय काढू दिला नाही, वहिनींनी मात्र काढला आणि बराच वेळ बोलल्या. ते त्यांचं आहे, इथं लिहिणार नाही.

ज्यांना साऊंड ठरवायचा आहे त्यांना माझं सांगणं असं की वॉट आणि बेस विचारता तसं फर्माइशीचंही ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. कुठली गाणी लावत नाही, आणि ते कोण ठरवतं? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजून जा. आवाजासाठी मी ह्या सेवेला पाचपैकी साडेचार देईन, वेळ पाळण्याला पाच, पाहुण्यांशी वागण्याला एक. तो एकही पुतण्याला दिलेल्या नकारासाठी. नियम टेबलावर दिसला तर मी स्वतः हे मार्क बदलेन.

येत्या हंगामात पुतणीचं लग्न आहे. त्यासाठी राजारामपुरीतल्या दुसऱ्या एकाला विचारलं. पैसे दोन हजारांनी जास्त सांगितले. गाण्यांचं विचारलं तर म्हणाला, "शिवी असलेलं लावत न्हाई आणि दहानंतर कायच लावत न्हाई. बाकी तुमचा पाव्हणा, तुमचं गाणं." त्याला ॲडव्हान्स दिला.