लारावेलची पाइपलाइन, दोन बहार वापरल्यावर

नागपुरात आयटी पार्कजवळ आमचं चार जणांचं ऑफिस आहे, कामं बहुतेक इथल्याच दुकानदारांची. संत्री आणि संत्रा बर्फी पार्सलने पाठवणाऱ्या एका दुकानाचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर आम्ही लारावेलमध्ये (पीएचपी भाषेतलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) केलं, त्यात त्याची पाइपलाइन, म्हणजे एक गोष्ट ठरलेल्या पायऱ्यांमधून ओळीने नेणारी सोय, पहिल्यांदा नीट वापरली, म्हणून लिहून राहिलो.

आधी ऑर्डर घेणारं एकच फंक्शन होतं, सहाशे ओळींचं. स्टॉक आहे का, भाव आंबिया बहाराचा लावायचा की मृगाचा (संत्र्याचे वर्षातले दोन हंगाम), कूपन, पिनकोडवरून डिलिव्हरी चार्ज, मग जीएसटी, तोही ताज्या संत्र्यांवर नाही पण बर्फीवर आहे, सगळं इफच्या पोटात इफ. मालक म्हणाले, "भाऊ, पाच पेट्यांच्या वर डिलिव्हरी फ्री करून द्या ना," तर तेवढ्यासाठी दोन दिवस गेले आन् कूपन बिघडलं ते वेगळंच.

आता प्रत्येक कामाचा छोटा क्लास आहे. सेंडमध्ये ऑर्डर द्यायची, थ्रूमध्ये क्लासची यादी, शेवटी देनरिटर्न, म्हणजे सगळ्या पायऱ्या होऊन ऑर्डर परत मिळते. प्रत्येक क्लासच्या हँडल नावाच्या फंक्शनला ऑर्डर मिळते आणि नेक्स्ट (पुढची पायरी) मिळतं, आपलं काम करायचं, पुढे पाठवायचं. वेगळं पॅकेज लागत नाही, लारावेलचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते ते थर) स्वतः याच्यावरच चालते. या क्लासचे ऑब्जेक्ट लारावेलचा कंटेनर बनवून देतो म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये जे मागाल ते आपोआप येते. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की ती यादी वाचली की दुकानाचा धंदा समजते, नवीन पोरीला पहिल्याच दिवशी समजला.

पण एक गोष्ट फार त्रास देते. नेक्स्टचं उत्तर रिटर्न करायचं राहिलं की पाइपलाइन गुपचूप नल (म्हणजे रिकामं) देते, एरर त्या क्लासमध्ये येतच नाही, पुढे बिल छापताना येते. आमच्या कूपनवाल्या क्लासमध्ये कूपन नसलं तर रिटर्नच नव्हतं, ते शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून प्रत्येक हँडलला रिटर्न टाइप (काय परत येणार ते) ऑर्डर लिहितो, मग पीएचपी त्याच क्लासचं नाव घेऊन ओरडते. हे पहिल्या दिवसापासून करा, खरंच.

क्रमाचंही तसंच. जीएसटी आधी आणि कूपन नंतर ठेवलं तर कोड आरामात चालते पण बिल चुकते, कारण बिलातच दाखवलेली सूट वजा करूनच टॅक्स लावायचा असतो. म्हणून एकेका क्लासची टेस्ट पुरत नाही, पूर्ण यादीची एक टेस्ट पाहिजेच, ज्यात शेवटची रक्कम हाताने काढून लिहिली आहे.

आणि सगळी यादी डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील नाहीतर एकही नाही) आपली आपण गुंडाळा. स्टॉक कमी झाला आणि पुढच्या पायरीला एरर आली तर पेट्या कागदावर विकल्या जातात, गोदामात मात्र पडून राहतात, आणि संत्रा काही थांबत नाही. एसएमएस मात्र ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) झाल्यावर, यादीच्या बाहेर.

दोन चेकच्या लॉगिन फॉर्मला हे काहून लावायचं? आमच्या एकाने लावलं होतं, पाच फाइली उघडल्याशिवाय काही दिसेना, मी काढून साधं फंक्शन ठेवलं. चार-पाच पायऱ्या असतील आणि मालक दर सीझनला नियम बदलत असेल तर बिनधास्त घ्या. यंदा मृगाच्या मालाला मालकांनी पेटीच्या साइजप्रमाणे पॅकिंग चार्ज सांगितला, एक क्लास, यादीत एक ओळ, जेवणाच्या सुट्टीआधी लाइव्ह.