टीव्हीचा बोर्ड गेला म्हणाले तर आधी कपॅसिटर बघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका टीव्ही रिपेअरवाल्यानं आमच्या आबांना सरळ सरळ गंडवलंय, दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून लिहितोय. आबांचा ३२ इंची टीव्ही चालू व्हायला लै वेळ घ्यायचा, लाल लाइट लुकलुकायची, आतनं टिकटिक आवाज, आणि मग बंदच पडला. दुकानदार बघितल्या बघितल्या म्हणाला पॉवर सप्लायचा बोर्ड जळलाय, नवीन टाकायला लागतोय, ४२०० होतील. आबांनी पेन्शनमधनं दिले. पक्कं बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला, जुना बोर्ड मागितला तर म्हणे भंगारात गेला.

पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. मग मामा आले, ते शिरोली एमआयडीसीत पॅनलचं काम करतात, त्यांनी मागचं झाकण उघडलं तर नवीन बोर्ड कसला, धुळीनं माखलेला जुनाच, फक्त दोन कपॅसिटर (बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या गोल डब्या) बदललेले आणि त्यांच्या पायाशी सोल्डरिंगला लावतात तो चिकट फ्लक्स तसाच. एकाचं डोकं टम्म फुगलेलं, वरची खाच उकलून तपकिरी डाग आलेला. मामांनी तो काढून ब्लेडनं त्याचं प्लास्टिक सोललं तर आत अजून एक प्लास्टिक! बाहेर छापलेलं १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्री आणि आतल्यावर ४७०, १६ व्होल्ट, ८५ डिग्री, म्हणजे कमी ताकदीचा आणि कमी उष्णता सोसणारा. संताप संताप झाला माझा.

अशा कपॅसिटरमध्ये पातळ केमिकल असतं, उष्णतेनं ते वाळतं, गॅस धरतो आणि डबी फुगते. ढोबळ हिशेब असा की १० डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, म्हणून टीव्हीत १०५ डिग्री सोसणाराच पाहिजे. २००० नंतर काही वर्षं तैवानी कपॅसिटर आतलं केमिकलच खराब असल्यानं जगभर कॉम्प्युटरमध्ये फुटत होते, २००५ मध्ये एकट्या डेल या कॉम्प्युटर कंपनीनं त्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढलेले. पण तो कारखान्यातला दोष होता हो, इथं माणूस मुद्दाम खोटं लेबल चढवून म्हाताऱ्या माणसाला लुटतोय.

मामांनी चांगल्या कंपनीचे दोन्ही बसवले, दहा-वीस रुपयांची वस्तू, आता टीव्ही झटक्यात लागतोय. दुकानदाराला विचारलं तर म्हणे व्होल्टेज वरखाली झालं असंल.

तुम्ही टीव्ही दुरुस्तीला टाकलात तर आधी तुमच्यासमोर उघडायला लावा, बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढा, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरी स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, जोरात झटका बसंल.