क्विक-चेंज कॅपो: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कॅपो म्हणजे गिटारच्या नेकवर (दांड्यावर) लावायचा चिमटा; तो सगळ्या तारा एका फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या कांडीवर, दाबतो आणि गिटारची पट्टी चढवतो. स्प्रिंगच्या, म्हणजेच क्विक-चेंज कॅपोचं कौतुक सगळे एकाच गोष्टीसाठी करतात: एका हाताने लावा, एका हाताने काढा. ते खरं आहे आणि पहिल्या दिवसापासून तसंच चालतं. पण अकूस्टिक गिटारवर बरेच महिने वापरल्यावर मी म्हणेन, निवडताना वेग बघूच नका, स्प्रिंगचा दाब बघा. तो बनवणाऱ्याने ठरवून दिलेला असतो आणि बहुतेक कॅपोंत कमी-जास्त करता येत नाही.

तार फ्रेटवर घट्ट टेकेल इतकाच दाब हवा. त्याहून जास्त पडला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. माझ्या गिटारवर 12-53 चा लाइट संच आहे (सर्वांत बारीक तार 0.012 इंच, सर्वांत जाड 0.053 इंच). मोकळ्या तारा नीट जुळवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला, तर ट्यूनरचा काटा सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर चार-पाच सेंट पुढे सरकतो. पहिल्या तारेवर जेमतेम हलतो. अर्ध्या सुरात 100 सेंट असतात, म्हणजे आकडा किरकोळच. तरी ई मेजर कॉर्डच्या आकारात (बोटांच्या ठेवणीत) सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तार एकत्र वाजली की कानाला खटकतं. सातव्या फ्रेटवर प्रकरण आणखी बिघडतं. तिथे नेक जाड, म्हणून जबडा जास्त उघडतो आणि स्प्रिंग अधिक जोराने आवळते; वर तारांची उंचीही तिथे जास्त.

यावर उपाय आहेत. कॅपो दोन फ्रेटच्या मध्ये न लावता पुढच्या फ्रेटला अगदी खेटून, सरळ लावायचा. थोडा तिरका बसला तरी एखादी तार फरफरते. लावल्यावर साउंडहोलपाशी (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकापाशी) प्रत्येक तार हलकेच वर ओढून सोडायची, म्हणजे कॅपोच्या रबराखाली अडकलेली तार जागेवर येते. मग ट्यूनर. हे सगळं करायचं म्हटलं की तो प्रसिद्ध वेग निम्मा उरतो, पण गाण्याच्या साथीला तेवढाही पुष्कळ आहे. जी-चे आकार हाताखाली ठेवून दुसऱ्या फ्रेटवर ए, तिसऱ्यावर बी फ्लॅट. गाणाऱ्याची पट्टी ऐनवेळी बदलली तरी घाबरायला होत नाही. रेकॉर्डिंगला मात्र मी स्क्रूने दाब ठरवता येणारा कॅपो घेतो. लावायला वेळ लागतो, लागू दे.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे कॅपोच्या तारा दाबणाऱ्या दांडीचा बाक; तो फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या फळीच्या, बाकाशी जुळायला हवा. मार्टिन कंपनीच्या गिटारच्या फिंगरबोर्डच्या बाकाची त्रिज्या साधारण 16 इंच, टेलरची 15, गिब्सनची 12; त्रिज्या कमी तितका बाक जास्त. क्लासिकल गिटारचा फिंगरबोर्ड जवळजवळ सपाट आणि नटपाशी (नेकच्या टोकाला तारा टेकतात तिथे) सुमारे 52 मिमी रुंद. बाक जुळला नाही तर मधल्या किंवा कडेच्या तारा सुटतात आणि मग लोक आणखी कडक स्प्रिंगचा कॅपो शोधायला लागतात, म्हणजे सूर आणखी चढणार. बारा तारांच्या गिटारला जोर खरोखर जास्त लागतो, तिच्यासाठी वेगळे कॅपो मिळतात.

कॅपोचं हँडल मला अजून आवडलेलं नाही. कॅपोला लागून एफ-चा आकार धरताना अंगठा तिथेच अडतो. गाणं संपल्यावर कॅपो हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) चिमटवून ठेवणं सोयीचं, पण गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचं पॉलिश असेल तर तिथे विसरू नये. रबराचा डाग पडू शकतो. रबरावर जाड तारांचे चरे दिसू लागलेत, म्हणून रबर बदलून मिळणारा कॅपो घेतलेला बरा.

एक गंमत स्क्रूच्या कॅपोत इतकी सहज जमत नाही: हा उलट्या बाजूने, बारीक तारांकडून, दुसऱ्या फ्रेटवर असा लावायचा की सहावी तार मोकळी राहील. डी-चा आकार धरला की ई मेजर वाजतो आणि खाली मोकळ्या ई-चा खर्ज मिळतो. ट्यूनिंग बदलावं लागत नाही, सहाव्या तारेवर बोट ठेवलेले बाकीचे आकारही जिथल्या तिथे राहतात.