४० अंशांची घाई की फ्रिजमधली वाट?

अडालिमुमॅब या संधिवातावरच्या प्रथिन-औषधाच्या (अँटिबॉडीच्या) इंजेक्शनचा ४० मिलिग्रॅमचा डोस आधी ०.८ मिलीत यायचा, आता ०.४ मिलीतही मिळतो. म्हणजे मिलीमागे १०० मिलिग्रॅम. एवढ्या दाटीत रेणू एकमेकांना चिकटण्याचा धोका वाढतोच.

म्हणून असं औषध किती टिकतं हे बघायला कुप्या ४० अंशांवर किंवा फ्रिजमध्ये ठेवतात. ४० अंशांवरच्या कुप्या काही आठवड्यांतच फसलेला फॉर्म्युला उघडा पाडतात. बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारा घटक) निवडायला ही चाचणी झकास, पण औषधाची वापराची मुदत ठरवायला माझा कौल फ्रिजलाच, दोन वर्षं लागली तरी. कारण ४० अंशांवर प्रथिनं उलगडून गुठळ्या होतात, तर २ ते ८ अंशांत खेळच निराळा: द्रावण दुधाळ दिसतं, क्वचित दोन थरही पडतात. कुपी कोमट झाली की पुन्हा नितळ! ओव्हनमध्ये हे दिसणारच नाही.

आणि हो, थंड द्रावण जास्त घट्ट असतं. सिरिंज दाबून बघा.